खंडोबाच्या किड्यांची सरबराई

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात मी प्रयोगनिर्देशक म्हणून रुजू झालो तेव्हा प्रयोगशाळेच्या उत्तरेकडील खिडकीखालचा लांब ओटा रिकामा होता; आणि त्या ओट्यावर पुढे माझ्या सेवानिवृत्तीपर्यंत ज्या बरण्यांची रांग कायम राहिली, त्या बरण्यांतील रहिवाशांविषयी, आणि त्याहूनही अधिक त्यांच्या शिधासामग्रीविषयी, चार गोष्टी लिहून ठेवाव्यात असे पुष्कळ दिवस मनात होते. हे रहिवासी म्हणजे खंडोबाचे किडे, पाठ्यपुस्तके ज्यांना प्रार्थना-कीटक म्हणतात ते. भारतात त्यांच्या दीडशेहून अधिक जातींची नोंद झालेली आहे; पण सर्वसामान्य माणसाच्या ओळखीचा असतो तो हिरोड्यूला, म्हणजे पावसाळा सरता सरता रात्री दिव्यावर येऊन भिंतीवर ठाण मांडणारा, बोटभर लांबीचा, हिरवागार. माझा संबंध आला तो मात्र क्रिओब्रोटर या प्रजातीतील छोट्या जातींशी, ज्यांची पूर्ण वाढलेली मादीसुद्धा जेमतेम दीड इंच भरते, आणि ज्या डोळ्यांदेखत फुलावर बसलेल्या असताना नजरेस पडत नाहीत.

महाविद्यालयाच्या मागे जो जांभ्या दगडाचा सडा पसरला आहे, त्याच्या कडेच्या घाणेरीच्या जाळ्यांत भाद्रपद-आश्विनात निरखून पाहिले असता फुलांच्या झुबक्यावर पोट पाठीकडे वळवून, पुढचे दोन्ही पाय छातीशी घेऊन निश्चल बसलेले पिल्लू सापडे. अंगावर फिकट पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांची अशी काही मांडणी असे की फुलाची सीमा कोठे संपली आणि किड्याची कोठे सुरू झाली हे सांगणे कठीण जावे. प्रौढावस्थेत पंख आले म्हणजे अग्रपंखांच्या मध्यभागी काळ्या कडेने वेढलेला पिवळसर डोळा उमटतो. डिवचले असता हा जीव पंख उभारून ते दोन खोटे डोळे आणि त्यांच्यामागची गुलाबी छटा एकदम समोर करतो, आणि पाहणारा, तो कीटकशास्त्राचा अध्यापक का असेना, हात मागे घेतो. या प्रजातीतील क्रिओब्रोटर पिक्टिपेनिस या जातीचे वर्णन कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियममधील जेम्स वुड-मेसन यांनी १८७८ साली केले. संग्रहालयाच्या पेटीत टाचणी टोचून ठेवलेल्या नमुन्यावरून रंगांचे आणि अवयवांचे वर्णन उत्तम होते. त्याच्या स्वभावाविषयी मात्र पेटी मौन पाळते, आणि आमच्या ओट्याचे प्रयोजन नेमके तेथून सुरू होत असे.

पहिल्या पावसाळ्यात मी विद्यार्थ्यांकरवी अशी काही पिल्ले आणविली, तेव्हा प्रयोगशाळेतील वयोवृद्ध परिचर बरणीत डोकावून, चष्मा कपाळावर सारून म्हणाला, "मास्तरानू, ह्येंका खावक काय घालतलास?" त्या एका प्रश्नाने माझ्या पुढील सर्व उद्योगाची दिशा ठरवून टाकली, कारण प्रार्थना-कीटक केवळ मांसाहारी आहे एवढेच नव्हे, तर हलणारे, जिवंत भक्ष्यच त्याला भक्ष्य वाटते, निश्चल पडलेल्या मेलेल्या माशीकडे तो ढुंकून पाहत नाही. म्हणून ज्याला हे किडे पाळावयाचे आहेत त्याला आधी माश्या पाळाव्या लागतात, त्याही एका प्रकारच्या नव्हेत, कारण नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला घरमाशी आकाराने आवरत नाही आणि प्रौढ मादीचे फळमाशीने भागत नाही.

फळमाशीचा, म्हणजे ड्रोसोफिलाचा, बंदोबस्त त्यातल्या त्यात सुकर होता. तिच्या खाद्याचा जो पाठ म्हैसूर विद्यापीठाच्या प्रयोगशाळेमुळे आपल्याकडील महाविद्यालयांतून रूढ झाला आहे, तो कोणत्याही गृहिणीने बिनतक्रार मान्य करावा असा आहे: एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम गूळ विरघळवावा, त्यात १०० ग्रॅम रवा आणि १० ग्रॅम अगर-अगर, जो वाण्याकडे चायना ग्रास या नावाने मिळतो, टाकून घट्ट होईपर्यंत ढवळावे, आणि खाली उतरविल्यावर बुरशी धरू नये म्हणून साडेसात मिलिलिटर प्रोपिऑनिक आम्ल घालून ते बाटल्यांत ओतावे. वर यीस्टचे चार थेंब, तोंडाला कापसाचा बोळा, आणि २५ अंश उष्णतामान राखले तर सुमारे दहा दिवसांत नवी पिढी हजर. हा शिरा शिजत असताना गुळाचा जो वास व्हरांड्यात पसरे, त्याने भुलून वाणिज्य शाखेचे विद्यार्थीदेखील आमच्या दाराशी घुटमळत.

याच गुळाने आम्हांला एकदा लेखापरीक्षेत गोत्यात आणले. प्रयोगशाळेच्या खर्चाच्या पावत्यांत दरमहा गूळ आणि रवा या जिनसा पाहून लेखापरीक्षकांनी आक्षेपाचा शेरा मारला, की सदर जिन्नस प्रयोगशाळेच्या खर्ची पडण्याचे कारण दप्तरातून स्पष्ट होत नाही. त्यावर सविस्तर खुलासा सादर केला असता दुसरा प्रश्न उपस्थित झाला, की गुळावर वाढविलेल्या माश्या आणि माश्यांवर वाढविलेले किडे ही संस्थेची मालमत्ता समजावयाची असल्यास त्यांची नोंद जडसंग्रह नोंदवहीत का नाही. ज्या वहीत खुर्च्या, टेबले आणि तराजू यांची नोंद होते, तीत आठवड्याआड संख्येने वाढणाऱ्या व घटणाऱ्या, क्वचित एकमेकांना खाऊन टाकणाऱ्या जिवांची शिल्लक कशी दाखवावयाची, हा प्रश्न प्राचार्यांनी त्या गृहस्थांना मोठ्या अदबीने विचारला, आणि प्रकरण मिटले. पुढे मी या किड्यांचा स्वतंत्र रोजनामा ठेवू लागलो. प्रत्येक बरणीस क्रमांक, कात टाकल्याची तारीख, खाल्लेल्या माश्या आणि शेऱ्याचा रकाना असा तपशील त्यात असे, आणि या लेखातील बरेचसे त्यावरूनच उतरले आहे.

फळमाशी उडून जाऊ नये म्हणून खुरट्या पंखांचा, वेस्टिजिअल नावाचा वाण वापरण्याची पद्धत आहे, आणि ती चांगलीच आहे. पण तिची गंमत अशी की या वाणाचे पंख खुरटे राहतात ते उष्णतामान मध्यम असेपर्यंतच. तीस अंशांच्या वर अळ्या वाढल्या तर त्याच वाणाच्या माश्यांना लांब पंख फुटतात. पाठ्यपुस्तकात हे वाक्य मी कित्येक वर्षे शिकवीत आलो होतो. त्याचा प्रत्यय मात्र कोकणातल्या वैशाखाने दिला, कारण तेव्हाच्या बाटल्यांतून निघालेल्या पिढीने बोळा काढताच छताचा रस्ता धरला, आणि गुणसूत्रांच्या जोडीने परिस्थितीचाही कारभारात वाटा असतो हे त्या वर्षीच्या तुकडीला फळ्यावर लिहून दाखवावे लागले नाही.

घरमाशीची व निळ्या माशीची पैदास हा मात्र वेगळाच मामला होता. बाजारातून बांगड्याची आतडी आणून, ती कोंड्याने भरलेल्या डब्यात पुरून, डबा इमारतीच्या मागील बाजूस ठेवला की तीन-चार दिवसांत अळ्यांनी कोंडा खदखदू लागे. अळ्यांचे कोश झाले की ते चाळणीने वेगळे काढून, आगपेट्यांत भरून शीतकपाटात ठेवावेत, म्हणजे लागतील तसे बाहेर काढून उबविता येतात. रसायनशास्त्र विभागाने या डब्याविरुद्ध वेळोवेळी लेखी फिर्यादी केल्या. हायड्रोजन सल्फाइडचा व्यवसाय करणाऱ्या विभागाकडून त्या आल्या याचे मला नेहमी नवल वाटे. कोशातून निघालेली माशी तशीच किड्यापुढे टाकण्यात अर्थ नसतो, कारण ती पोटाने रिकामी असते आणि तिच्यापासून पोषण मिळते ते नावापुरते. एक दिवस तिला साखर, दुधाची भुकटी आणि मधाचे बोट चाटू द्यावे, मग काही क्षण थंडाव्यात ठेवून ती सुस्तावली की चिमट्याने बरणीत सोडावी. अशा जेवलेल्या माश्यांवर वाढलेल्या मादीची अंडकोशिका भरदार होते, उपाशी माश्यांवर वाढलेलीची सुकटलेली. त्या दोहोंतील अंतर नुसत्या डोळ्यांना कळते.

अंडी घालण्याची या किड्यांची तऱ्हा मोठी कलाकुसरीची असते. मादी काडीवर उलटी बसून पोटाच्या टोकातून फेस सोडीत जाते आणि त्या फेसात ओळीने अंडी मांडीत जाते. तासा-दोन तासांत तो फेस वाळून चिवट, हलका, तपकिरी असा कोश बनतो. क्रिओब्रोटरची ही कोशिका अरुंद आणि लांबट असते, आणि एक मादी पंधरवड्याच्या सुमाराने अशा अनेक कोशिका घालते. युरोपातील मॅन्टिस रिलिजिओसाच्या अंड्यांना हिवाळ्याची थंडी सोसावी लागते, तेव्हा कोठे ती वसंतात फुटतात. आमच्या उष्ण प्रदेशातील किड्यांना त्या विश्रांतीची गरज नाही, आणि हवेत ऊब व दमटपणा असला की महिन्याभरात पिल्ले बाहेर पडतात. हे बहुधा सकाळी घडते. कोशिकेच्या मध्यरेषेवरील फटींतून प्रथम पिवळसर, अळीसारखे, हातपाय गुंडाळलेले देह सरकत बाहेर येतात व बारीक धाग्याला लोंबकळतात; तेथेच त्यांची पहिली कात गळते, पाय सुटे होतात, आणि घटकाभरात ते काळे पडून बरणीच्या भिंतीवर असे तुरतुर धावू लागतात की नवख्याने मुंग्या शिरल्या म्हणून बरणी झटकावी. मुंगीचे हे सोंग त्यांना काही दिवस पुरते, कारण मुंगीला खाणारे थोडे.

सड्यावरून गोळा केलेल्या कोशिकांतून मात्र नेहमीच पिल्ले निघत असे नाही. कधी कधी मुदत उलटून जाई, आणि मग एके दिवशी कोशिकेच्या पाठीवर गोल छिद्रे पडून त्यांतून चकचकीत, मागच्या मांड्या फुगलेल्या, इवल्याशा गांधीलमाश्या बाहेर येत. ही पोडाग्रिऑन नावाची प्रजाती. तिची मादी आपल्या लांबलचक अंडनलिकेने फेसाची भिंत भेदून किड्याच्या अंड्यांत आपली अंडी घालते, आणि तिची संतती त्या अंड्यांवर वाढते. मॅन्टिबेरिया नावाची दुसरी एक याहून धूर्त आहे: ती प्रार्थना-कीटकाच्या मादीच्या अंगावरच चढून बसते, आपले पंख झाडून टाकते, आणि मादीने फेस सोडावयास सुरुवात केली की तो ओला असतानाच आपले काम उरकून घेते. ज्याला आपण क्रूर शिकारी म्हणून ओळखतो त्याच्या पाठीवर असा एक हक्कदार मुक्काम ठोकून असतो, हे विद्यार्थ्यांना सांगताना मला विशेष समाधान वाटत असे.

पिल्ले आठवडाभर एका बरणीत गुण्यागोविंदाने नांदतात. नंतर माश्या कमी पडल्या की ती एकमेकांकडे वळतात. म्हणून दुसरी कात टाकल्यावर प्रत्येकास वेगळी बरणी, तोंडाला मलमलीचे फडके, आत एक तिरपी काडी, आणि दिवसाआड काचेवर पाण्याचा तुषार, कारण ती थेंब चाटून पाणी पितात. बरणीची उंची किड्याच्या लांबीच्या तिपटीहून कमी असता कामा नये. यामागचे कारण कात टाकण्याच्या पद्धतीत आहे. वेळ जवळ आली की किडा अन्न सोडतो, छताच्या फडक्याला मागच्या पायांनी उलटा टांगून घेतो आणि दिवसभर तसाच राहतो. मग पाठीवरची कातडी छातीपाशी उकलते, आणि त्या फटीतून डोके, नंतर दुमडलेले पुढचे पाय, नंतर लांब मागचे पाय, एकेक केसाएवढा स्पर्शक ओढून काढीत, तो निव्वळ गुरुत्वाकर्षणाच्या भरवशावर खाली घसरत येतो, आणि अखेरीस पोटाचे टोक जुन्या कातीत अडकवून काही वेळ हवेत लटकतो. त्या वेळी खाली जागा नसली, किंवा हवा कोरडी असून कात चिकटली, तर पाय जन्माचे वाकडे होतात. कनिष्ठ वयातील पिल्लाचा तुटलेला पाय पुढच्या काती टाकता टाकता पुन्हा उगवतो. पण शेवटच्या कातीत आलेले व्यंग कायमचे. यास्तव पंखांच्या कळ्या फुगलेल्या दिसताच मी त्या बरणीवर तांबड्या कागदाची चिठ्ठी लावीत असे, जिचा अर्थ, या बरणीत माशी टाकू नये. कारण असहाय लोंबकळणाऱ्या मऊ देहावर माशी येऊन बसली तरी ती त्याला खाली पाडण्यास पुरेशी होते.

कोकणात आषाढ-श्रावणात दमटपणाची ददात नाही. उलट बुरशीशीच लढावे लागते. पण एका सायंकाळी, डासांच्या प्रतिबंधासाठी आवाराबाहेरच्या रस्त्याने धूरफवारणीची गाडी गेली, आणि खिडक्या उघड्या असल्याने तो धूर ओट्यापर्यंत आला. सकाळी पाहतो तो बहुतेक बरण्यांत किडे तळाशी पडलेले, पाय थरथरत असलेले, आणि छताकडे चढण्याची धडपड अर्ध्यावर सुटत असलेली. घरोघरी रात्रभर जळणाऱ्या डासांच्या वड्यांमध्येही त्या धुरातल्यासारखीच कीटकनाशक विषे असतात. म्हणून शहरातील लहान खोलीत हे किडे पाळू इच्छिणाऱ्यास मी प्रथम, रात्री मच्छरदाणी लावता काय, असे विचारीत असे.

या जिवांना पाळीव म्हणावे किंवा कसे, याविषयी विद्यार्थ्यांचा व माझा मतभेद होता. ती मुले त्यांना नावे देत, तळहातावर फिरवीत, आणि तो आपल्याकडे पाहतो म्हणजे ओळखतो असे ठामपणे सांगत. पाहतो हे खरे आहे. कीटकसृष्टीत मान वळवून आपल्या तोंडाकडे पाहणारा दुसरा कोणी सहसा आढळत नाही, आणि त्याच्या डोळ्यातील काळा ठिपका आपण जाऊ तिकडे वळल्यासारखा दिसतो. तो ठिपका म्हणजे बुबुळ नव्हे. डोळ्याचे जे घटक नेमके आपल्या दिशेने रोखलेले असतात ते प्रकाश शोषून घेतात म्हणून तेथे काळे दिसते इतकेच. पिल्लू बाजूला झुलत झुलत आपल्याकडे बघते तेही लाडाने नव्हे, तर डोके हलविल्याने जवळची वस्तू अधिक सरकते आणि दूरची कमी, यावरून ते अंतर मोजीत असते. दोन डोळ्यांच्या साहाय्याने खोली जाणण्याची शक्तीही त्याच्या अंगी आहे, हे सॅम्युएल रॉसेल यांनी १९८३ साली दाखविले, आणि पुढे २०१८ मध्ये न्यूकॅसल विद्यापीठातील संशोधकांनी तर मेणाने चिकटविलेले चिमुकले रंगीत चष्मे घालून त्याला चित्रपट दाखविला. छातीच्या खालच्या अंगाला त्याला एकच कान असतो आणि तो वटवाघळांचे माणसास ऐकू न येणारे आवाज टिपतो, हा यागर व हॉय यांचा १९८६ सालचा शोध मी वर्गात सांगितला त्या दिवसापासून मुलांनी त्याला हाका मारणे सोडले. माझ्या मते त्याला आपली ओळख नसते, असते ती चिमट्यातून येणाऱ्या माशीची. पण जो जीव इतका रोखून पाहतो त्याच्याविषयी माया वाटणे हे मनुष्यस्वभावाला धरून आहे, आणि ती मलाही वाटत असे, हे नाकारण्यात स्वारस्य नाही.

आता राहिला तो विषय, ज्याची विचारणा प्रत्येक पाहुणा आवाज खाली आणून करीत असे: मादी नराला खाते ना? या कीर्तीचा इतिहास जुना आहे. अमेरिकेतील एल. ओ. हॉवर्ड यांनी १८८६ साली 'सायन्स' नियतकालिकाला पाठविलेल्या पत्रात अशा एका मीलनाचा वृत्तांत दिला. फ्रान्समधील सेरिन्यान गावी जाँ-आंरी फाब्र यांनी जाळीच्या घुमटांखाली, वाळूच्या कुंडीत थाइमचे झुडूप लावून किडे पाळले, आणि त्यांच्या ग्रंथमालेच्या १८९७ सालच्या पाचव्या खंडातील ती प्रकरणे जगभर वाचली गेली. १९३५ मध्ये केनेथ रोडर यांनी दाखविले की नराचे शिर गेले तरी मीलनाच्या हालचाली थांबत नाहीत, उलट अधिक जोमाने चालतात, कारण त्या आवरून धरणारे मज्जाकेंद्र शिराबरोबर जाते. एवढ्या साक्षी-पुराव्यानंतर मादीवर दोषारोप निश्चित झाला, आणि तो शाळेच्या पुस्तकांपर्यंत येऊन पोहोचला. परंतु १९८४ मध्ये लिस्के आणि डेव्हिस यांनी चिनी टेनोडेरा या मोठ्या जातीच्या माद्यांना मनसोक्त खाऊ घालून, तीव्र दिवे व निरीक्षक दोन्ही दूर ठेवून, केवळ चित्रणयंत्राच्या साहाय्याने मीलने पाहिली, तेव्हा एकही नर खाल्ला गेला नाही. उलट दोन्ही बाजूंनी स्पर्शकांच्या व पायांच्या हालचालींचा असा एक प्रियाराधनाचा क्रम दिसून आला, जो आधीच्या साक्षीदारांच्या दृष्टीस पडलाच नव्हता. रानात नर खाल्ले जात नाहीत असा याचा अर्थ नव्हे. खाल्ले जातात, आणि खाल्लेल्या नराच्या देहातील द्रव्य मादीच्या अंड्यांत उतरते व अंडी अधिक होतात, हे २०१६ साली ब्राऊन आणि बॅरी यांनी किरणोत्सारी खुणांच्या आधारे सिद्ध केले आहे. पण बंदिवासातील मादीने नराला खाल्ले तर आधी तिच्या शिध्याची चौकशी व्हावी, आणि मग तिच्या शीलाची, असे माझे मत बनले. आणि आमचा रोजनामा त्याला अनुकूल आहे.

नर-मादी ओळखण्याची खूण भिंगाखाली पोटाच्या खालच्या बाजूला मिळते: मादीची वलये सहा दिसतात, नराची आठ. नराच्या काती मादीपेक्षा बहुधा एखादीने कमी असल्याने तो आधी वयात येतो, आणि एकाच कोशिकेतील भावंडे वाढविणाऱ्यास असा प्रसंग येतो की माद्या तयार होतात तोवर नर म्हातारे झालेले असतात. म्हणून मी नरांच्या बरण्या थंड कोपऱ्यात ठेवून त्यांना माश्या बेताच्या देई, आणि माद्यांना खिडकीपाशी, भरपूर. पंख आल्यावर पंधरवडा गेला की मादी सायंकाळी पोटाचे टोक खाली वाकवून गंध सोडू लागते. त्या दिवशी दुपारपासून तिला एकामागून एक माश्या द्याव्यात, आणि ती शेवटची माशी पायांत धरून कुरतडीत असता नराला मागच्या बाजूने काडीवर सोडावे. मग जे घडते ते अतिशय सावकाश. नर पाऊल टाकतो आणि थांबतो. मादीने मान हलविली तर तो जणू लाकडाचा होतो, आणि त्याच पवित्र्यात घटका-घटका काढतो. त्यानंतर अकस्मात, पाहणाऱ्याची पापणी लवते न लवते तोच, तो तिच्या पाठीवर असतो, आणि त्याचे स्पर्शक तिच्या मानेवर वेगाने वाजू लागतात. पुढे कित्येक तास दोघे तसेच. ज्या वर्षी बांगड्याचा हंगाम चांगला आणि म्हणून माश्यांची आवक मुबलक, त्या वर्षीच्या पानांवर 'नर भक्षिला' हा शेरा मोठ्या मुश्किलीने सापडतो; मासेमारी बंद असण्याच्या काळातली पाने उघडली की तो दिसू लागतो. दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत आढळणारा, देठासारख्या बारीक मानेचा गोंगिलस तर पोटभर अन्न मिळाले की एकाच पिंजऱ्यात डझनावारी शांतपणे राहतो, हे तो पाळणाऱ्या युरोपीय हौशी मंडळींना चांगले ठाऊक आहे.

उरलेल्या पिल्लांची विल्हेवाट आम्ही एकाच रीतीने लावीत असू: ज्या सड्यावरून त्यांचे पूर्वज आले तेथेच, घाणेरीच्या जाळीत. दुसऱ्या ठिकाणी सोडण्यास माझी सक्त मनाई होती, कारण चिनी टेनोडेरा १८९६ च्या सुमारास फिलाडेल्फियाजवळ दिसला आणि आता पूर्व अमेरिकेतील बागाबागांतून तो ठाण मांडून बसला आहे. तेथे त्याच्या कोशिका दुकानांत विकतात.

बाहेरगावची मुले किडे मागावयास येत, त्यांच्यासाठी मी एक शिरस्ता ठेवला होता. मागणाऱ्यास प्रथम फळमाश्यांच्या दोन बाटल्या द्यावयाच्या आणि महिन्याने परत बोलवावयाचे; बाटल्या जिवंत, तर कोशिका मिळेल. बहुतेक जण फिरकत नसत. कोल्हापूरकडची एक विद्यार्थिनी मात्र आली ती सहा बाटल्या घेऊन, आणि त्यांपैकी दोन बाटल्यांत माश्यांवर पांढरे सूक्ष्म अष्टपाद जीव चढले आहेत, ते कसे घालवावेत, हा प्रश्न घेऊन. तिला मी त्याच दिवशी कोशिका काढून दिली. पुढच्या पावसाळ्यात तिचे पत्र आले: नर काल सायंकाळपासून मादीच्या पाठीवर आहे, अजून उतरत नाही, ती बरणीशेजारी जागत बसली आहे, आणि मादी मान वळवून त्याच्याकडे बघू लागली आहे, तर त्याला चिमट्याने सोडवावे काय. मी उलट टपाली कळविले, की पत्र पोहोचेपर्यंत जे व्हावयाचे ते होऊन गेलेले असेल. पुढील खेपेस मादीला दोन माश्या अधिक घालाव्यात, आणि स्वतः खोलीबाहेर बसावे.